तुम्ही विचारलंत म्हणून: "मग त्याची गोळी का नाही निघत?"

"शरीर स्वतःच सूज आवरणारा पदार्थ बनवतं, तुम्ही त्यावरच काम करता, मग त्याची गोळी का नाही अजून?" हे मला डॉक्टरांनी विचारलंय, संधिवाताच्या पेशंटनी विचारलंय, नातेवाईक तर भेटले की विचारतातच. आणि दर वेळी मी "रिसर्च चालू आहे" म्हणून सुटका करून घेते. ते खोटं नाही, पण समोरच्याला वाटतं कुणीतरी मुद्दाम अडवून धरलंय. म्हणून आज नीट लिहिते.

पदार्थ म्हणजे इटाकोनेट. मॅक्रोफेजला (जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशीला) बॅक्टेरियाची चाहूल लागली की मायटोकॉन्ड्रियातली क्रेब्ज सायकल, म्हणजे अन्नातून ऊर्जा काढणारी रासायनिक साखळी, मध्येच वळते, त्यातलं सिस-ॲकोनिटेट पुढे जायचं सोडून त्याचं इटाकोनेट होतं, आणि हे करणारं एन्झाईम म्हणजे एसीओडी१, ज्याचं हे काम २०१३ मध्ये उघड झालं. इटाकोनेट त्याच साखळीतल्या सक्सिनेट डिहायड्रोजनेज या एन्झाईमला अडवतं, सक्सिनेट साठतं, ते जळताना जे ऑक्सिजन रॅडिकल निघतात ते कमी होतात. एसीओडी१ नसलेल्या उंदरांच्या मॅक्रोफेजना एलपीएस (बॅक्टेरियाच्या आवरणातला तुकडा) दिलं की आयएल-६, आयएल-१२ हे सूज वाढवणारे निरोप जास्त सुटतात. अशाच उंदरांना टीबीचा संसर्ग दिला तर फुप्फुसात न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी भरतात आणि उंदीर लवकर मरतात. म्हणजे हे रसायन खरोखर कामाचं आहे, यात मला कधीच शंका नव्हती.

आणि हो, इटाकोनिक ॲसिड कारखान्यात ॲस्परजिलस टेरियस नावाच्या बुरशीकडून बनवून घेतात, प्लॅस्टिक आणि रेझिनसाठी, हेही मला लोक पाठवतात, "स्वस्तात मिळतं की!" मिळतं. पण पोटात गेलेलं ॲसिड आणि सुजलेल्या सांध्यातल्या एका पेशीने त्या वेळी, त्या जागी बनवलेलं ॲसिड, यात फार अंतर आहे.

खरी गोष्ट मात्र पुढे आहे. साधं इटाकोनेट पेशीत नीट शिरत नाही असा समज होता, म्हणून सगळेच त्याची बदललेली रूपं वापरायचे: डायमिथाइल इटाकोनेट, ४-ऑक्टाइल इटाकोनेट. २०१८ मध्ये याच ऑक्टाइलवरून दाखवलं गेलं की ते कीप१ प्रोटीनच्या सिस्टीन या भागाला चिकटतं, त्याने धरून ठेवलेलं एनआरएफ२, म्हणजे पेशीचा बचाव जागवणारं प्रोटीन, मोकळं होतं आणि सूज उतरते. मीही तेच वापरत होते. माझ्या स्लाईडवर इटाकोनेटला मोठ्या अक्षरात "ब्रेक" लिहिलेलं असायचं, आणि विचारणाऱ्याला मी चढ्या आवाजात सांगायचे की औषध फार लांब नाही.

मग एका ब्लॉटमध्ये (पेशीत कुठलं प्रोटीन किती आहे ते पट्ट्यांवरून दाखवणारी चाचणी, प्रत्येक नमुन्याची एक लेन) मी साधं इटाकोनेट पण शेजारच्या लेनमध्ये घातलं, कंट्रोल असावा म्हणून, बाकी काही मनात नव्हतं. रात्री उशिरा स्क्रीनवर बँड उमटले. ऑक्टाइलच्या लेनमध्ये एनआरएफ२ काळाकुट्ट आणि प्रो-आयएल-१बीटा (सूज वाढवणाऱ्या आयएल-१बीटाचं पेशीतलं कच्चं रूप) जवळजवळ गायब, अगदी हवं तसं. आणि साध्या इटाकोनेटच्या लेनमध्ये एनआरएफ२ फिकट, प्रो-आयएल-१बीटा जसाच्या तसा. मी मेम्ब्रेन पुन्हा धुतली, लोडिंग तपासलं, दुसऱ्या दिवशी नव्या पेशींवर परत केलं. तेच. लॅबच्या सरांना दाखवलं तर ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "ही लेन या फिगरमध्ये कशाला? पुढच्या पेपरला ठेव की." मी म्हटलं, "सर, ही लेन म्हणजेच तर प्रश्न आहे, आपण ज्याचं नाव टायटलमध्ये टाकतोय तो पदार्थ हाच आहे ना?" ते रागावले नाहीत, पण आमच्यात काहीतरी तुटलं ते तेव्हाच. लेन राहिली. पेपर ठरवलेल्या जर्नलमध्ये गेला नाही, आणि ज्यांना त्यातून औषध काढायचं होतं ते सोबत काम करणारे हळूहळू फोन घेईनासे झाले. मला याचा त्रास झाला, अजून होतो, आणि हे लिहिताना "मीच बरोबर होते" असं मिरवायचं नाहीये, कारण सरांचं म्हणणंही पूर्ण चुकीचं नव्हतं: ऑक्टाइलने सूज कमी होते हे त्या लेनने खोडलं नव्हतंच.

२०२० मध्ये दुसऱ्या एका गटाने हे व्यवस्थित छापलं. साधं इटाकोनेट पेशीत सहज शिरतं, आणि ऑक्टाइल, डायमिथाइल पेशीत जाऊन इटाकोनेट होतच नाहीत. साध्या इटाकोनेटने आयएल-१बीटा बाहेर सुटणं कमी होतं, पण इंटरफेरॉन-बीटा, म्हणजे टाइप १ इंटरफेरॉन गटातला एक निरोप, उलट वाढतो. आता ल्युपसच्या (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते तो आजार) बऱ्याच पेशंटमध्ये टाइप १ इंटरफेरॉनच त्रास देत असतो, मग त्यांना हा "ब्रेक" द्यायचा का?

यावर लोक फ्यूमरेट, क्रेब्ज सायकलमधलाच आणखी एक पदार्थ, पुढे करतात. डायमिथाइल फ्यूमरेटची गोळी आहेच, अमेरिकेत मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारासाठी २०१३ पासून, आणि तीही एनआरएफ२ जागवते. मान्य. पण ती बदललेलं रूप म्हणूनच तपासली गेली, पेशंटमध्ये, आणि ती घेताना लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी कमी होतात म्हणून रक्त तपासत राहावं लागतं. ऑक्टाइलची तशी गोळी निघालीच तर निघू दे, मला आनंदच होईल, फक्त ती इटाकोनेटची गोळी आहे असं मला म्हणायला लावू नका. पूर्वीची मी इथे भांडेल, म्हणेल नावाशी काय करायचंय, पेशंट बरा झाला म्हणजे झालं. तिला देण्यासारखं पक्कं उत्तर माझ्याकडे नाही. त्यात उंदराच्या मॅक्रोफेजमध्ये इटाकोनेट भरपूर बनतं, माणसाच्या पेशीत त्या मानाने बरंच कमी, आणि माझं बरंचसं काम उंदरांच्या पेशींवरचं आहे.

म्हणून संधिवातवाले विचारतात तेव्हा आता एवढंच सांगते की डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट दिलंय ते मनाने बंद करू नका, आणि रेझिनच्या कारखान्यासाठीची पावडर तर अजिबात मागवू नका.