अन्नू राणीचे पाच मीटर

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत गुणवंतांच्या याद्या असतीलच. मी मात्र शाळेच्या मैदानावर घाम गाळणाऱ्या मुलींसाठी भालाफेकपटू अन्नू राणीबद्दल लिहितो आहे.

मेरठजवळच्या बहादुरपूरची ही शेतकऱ्याची लेक. क्रिकेट खेळताना तिने फेकलेला चेंडू किती लांब जातो, हे भाऊ उपेंद्रने हेरलं. आधी शेतातला ऊस फेकला, मग बांबूचा भाला. उसाने खांदा तयार होतो, पण तंत्र बसत नाही. तो बुंध्याकडे जड आणि लवचीक. खऱ्या भाल्याचा तोल दोरीच्या पकडीपाशी असतो. महिलांचा भाला ६०० ग्रॅमचा, २.२० ते २.३० मीटर लांब.

२०१४ मध्ये लखनौला ५८.८३ मीटर फेकून तिने १४ वर्षांचा राष्ट्रीय विक्रम मोडला. २०१६ मध्ये ६० मीटर ओलांडले. तिच्याआधी एकाही भारतीय महिलेला ते जमलं नव्हतं. २०२२ मध्ये जमशेदपूरला ६३.८२. म्हणजे पाच मीटरसाठी आठ वर्षं.

हे मीटर नुसत्या दंडाच्या जोरावर मिळत नाहीत. उजव्या हाताने फेकणारीने धावेतला सगळा वेग ताठ डाव्या पायावर अडवायचा असतो. गुडघा दुमडला की वेग तिथेच जिरतो. शेवटच्या क्रॉस स्टेपनंतर (धावेच्या अखेरीस पायावरून पाय ओलांडत टाकलेलं पाऊल) उजवा पाय टेकला की डावा लगेच पडला पाहिजे. उशीर झाला तर अंग आधीच पुढे झुकतं आणि फेक एकट्या हातावर येते. कोपर खांद्याखाली उतरलं तर भाला बाजूने ओढला जातो आणि कोपराच्या आतल्या बाजूला दुखणं सुरू होतं. टोक फार वर गेलं तर भाला हवेतच रेंगाळतो आणि जवळ पडतो. शेपूट आधी टेकलं तर फेक बाद.

टोकियो ऑलिंपिकमध्ये ती ५४.०४ मीटरवर अडकली, अंतिम फेरी हुकली. पुढे बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल कांस्य आणि २०२३ मध्ये हांगझोऊला ६२.९२ मीटरचं आशियाई सुवर्ण. तरी मला २०१९ च्या दोहातल्या जागतिक स्पर्धेची अंतिम फेरी मोठी वाटते. तिथे भालाफेकीत पोहोचलेली ती पहिली भारतीय महिला.

शाळेला विनंती: १८ वर्षांखालच्या मुलींना ५०० ग्रॅमचेच भाले द्या. आधी महिनाभर जागेवरून फेकू द्या, धाव नंतर. सगळ्यांनी एकाच दिशेने फेकायचं, शेवटचा भाला पडल्यावरच एकत्र आणायला जायचं आणि परतताना भाला उभा, टोक खाली धरायचं.