माळ्यावरची बाटली

आज दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराचा माळा उपसला. पितळी डबे, मोडका स्टोव्ह आणि ट्रंकेच्या तळाशी फडक्यात गुंडाळलेली काचेची बाटली. काचेतच उठवलेली अक्षरं : डॉ. जे. कॉलिस ब्राउन, क्लोरोडाइन.

आत्या खूश! "अरे, हे पोटदुखीचं. आजोबा साखरेवर दोन थेंब टाकून द्यायचे. घेतलं की गाढ झोप!"

झोप न यायला काय झालं? 19व्या शतकात हिंदुस्थानातल्या ब्रिटिश लष्करात डॉक्टर असलेल्या ब्राउनने कॉलऱ्यासाठी बनवलेलं हे मिश्रण. आत काय, तर अफूचा अर्क, क्लोरोफॉर्म आणि वर भांगेचा अर्क. खोकला, हगवण, झोप न येणं, सगळ्यावर एकच बाटली. आणि याच घरात पोरांना चहा प्यायची मात्र बंदी होती!

1907 साली आमच्या बडोद्यातच अलेम्बिक ही औषध कंपनी निघाली. पुढे तिचं ग्लायकोडिन हे खोकल्याचं औषध घरात आलं, आत्याला ते अजून लागतं.

बाटली पुसून तिच्या हातात दिली. तिने बूच काढून हुंगलं.

"गेला रे वास," म्हणाली. खरंच वाईट वाटलं होतं तिला.