नववीच्या वर्षातील पंचेचाळीस क्रेडिट

अमेरिकेतील माध्यमिक शाळांच्या राष्ट्रीय ट्रान्सक्रिप्ट (म्हणजे विद्यार्थ्याने केलेले विषय, क्रेडिट आणि श्रेणी यांचे पत्रक) अभ्यासात मी काही काळ अभ्यासक्रमांना संकेतांक देण्याचे काम केले. 1987 पासून काही वर्षांच्या अंतराने होणाऱ्या या अभ्यासासाठी, बारावी उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यांच्या चार वर्षांच्या नोंदी देशभरातील निवडक शाळांकडून मागवल्या जातात. आमच्याकडे येणाऱ्या प्रतींवर विद्यार्थ्याचे नाव नसे, फक्त एक क्रमांक असे. महाराष्ट्रात एकाच बोर्डाच्या गुणपत्रकावर वाढलेल्या माणसाला येथे पहिला धक्का बसतो तो हा, की क्रेडिट, म्हणजे विषय पूर्ण केल्याबद्दल मिळणारे अंक, कसे मोजायचे हे प्रत्येक राज्य, पुष्कळदा प्रत्येक शाळा, आपापल्या पद्धतीने ठरवते. म्हणून सर्व क्रेडिट आधी कार्नेगी एककात बदलून घ्यावे लागतात; एक एकक म्हणजे वर्षभरातील सुमारे 120 तासांचे अध्यापन.

2019 साली उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यांच्या नोंदी तपासताना न्यू जर्सीतील एका शाळेची ट्रान्सक्रिप्ट माझ्याकडे आली. त्या राज्यात बारावी पूर्ण केल्याच्या पदविकेसाठी किमान 120 क्रेडिट लागतात आणि वर्षभराच्या विषयाला साधारणपणे 5 क्रेडिट मिळतात, म्हणजे वर्षाला तीस-पस्तीस. या विद्यार्थ्याच्या नववीच्या वर्षात मात्र 45 क्रेडिट नोंदले होते. गणिताच्या ओळी लावून पाहिल्या तेव्हा ‘अल्जिब्रा 1ए’ दोनदा दिसला, एकदा ‘हस्तांतरित, 5.00’ म्हणून आणि त्याखाली ‘2.50’ म्हणून, दहावीत ‘अल्जिब्रा 1बी, 5.00’ होता.

उलगडा मागे जोडलेल्या कॅलिफोर्नियाच्या पत्रकात झाला. तिकडे एका सत्राच्या विषयाला 5 आणि पूर्ण वर्षाला 10 क्रेडिट देण्याची पद्धत सर्रास आहे. विद्यार्थी जानेवारीत शाळा बदलून आला होता, आणि नव्या शाळेने त्याच्या सहा विषयांचे अर्ध्या वर्षाचे 30 क्रेडिट जसेच्या तसे उतरवून घेतले होते. न्यू जर्सीच्या हिशेबाने ते 15 व्हायला हवे होते.

त्याहून महत्त्वाची गोष्ट दोन्ही शाळांच्या अभ्यासक्रम-पुस्तिका शेजारी ठेवल्यावर समजली. कॅलिफोर्नियात 1ए आणि 1बी ही एकाच वर्षाची दोन सत्रे होती, तर न्यू जर्सीतील त्या शाळेत तोच अल्जिब्रा दोन वर्षांत विभागलेला होता. म्हणजे पहिले सत्र पूर्ण केलेल्या मुलाला नावाच्या साधर्म्यामुळे वर्षभराच्या 1एच्या मध्यावर बसवले गेले, आणि जूनपर्यंत जे संपले असते ते संपायला त्याला आणखी एक वर्ष लागले. भूमिती अकरावीत गेली. मला याचे फार वाईट वाटले, कारण गणितात एकदा मागे पडलेले वर्ष बारावीपर्यंत सहसा भरून निघत नाही, आणि कागदावर तर या मुलाने इतरांपेक्षा जास्त गणित केलेले दिसत होते.

त्या पदविकेचा निवाडा करणे आमच्या अखत्यारीत नव्हते. नोंद अचूक करणे मात्र होते. संकेतांकाच्या राष्ट्रीय सूचीत पूर्ण अल्जिब्रा 1 साठी 02052 आणि विभागलेल्या अभ्यासक्रमाच्या दोन भागांसाठी 02053 व 02054 असे वेगळे क्रमांक आहेत. माझ्या सहकाऱ्याने तिन्ही ओळी विभागलेल्या अभ्यासक्रमात घातल्या होत्या. पुस्तिका दाखवल्यावर कॅलिफोर्नियाच्या ओळीला 02052 आणि अर्धे एकक देण्यावर आमचे एकमत झाले. अल्जिब्राचे अडीच एकक दोनवर आले.

अर्ध्या एककासाठी एवढा खटाटोप कशाला, असे पुष्कळांनी विचारले आहे. या अभ्यासानुसार विद्यार्थी सरासरी 1990 साली 23.6 एकक मिळवत होते, 2019 साली 28.1, सरासरी श्रेणीही चारपैकी 2.68 वरून 3.11 वर गेली. तरीही 2009 ते 2019 या दशकात बारावीच्या विद्यार्थ्यांचे राष्ट्रीय चाचणीतील गणिताचे गुण मात्र वाढले नाहीत, उलट घटले. वाढलेल्या एककांत खरे शिक्षण किती आणि असे फुगलेले आकडे किती, हे शोधायचे तर मुळातली ओळ बिनचूक असलीच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

पर्यवेक्षक बाईंनी दुरुस्तीवर सही केली आणि त्या शाळेच्या ज्या ज्या ट्रान्सक्रिप्टवर ‘हस्तांतरित’ असा शेरा होता, त्या सगळ्या पुन्हा तपासायला काढल्या.