आमची वाटचाल : मांगरातली भातुकली

आम्ही दोघी जावा आणि वाडीतल्या काही बायका मिळून मुलांसाठी लाकडी ओटे, चुली आणि खोटा खोटा स्वयंपाक बनवतो. कारखाना म्हणजे वेंगुर्ले तालुक्यातल्या आमच्या घरामागचा मांगर, म्हणजे शेतीचं सामान ठेवायची जागा. पूर्वी तिथे पेंढा आणि आमसुलांची पिंपं असायची, आता एका भिंतीला शिवण झाडाच्या फळ्या रचलेल्या असतात आणि दुसरीकडे तीन शिलाई मशिनी.

सुरुवात घरच्याच पोरांसाठी झाली. बाजारात मिळणाऱ्या खेळण्यातल्या स्वयंपाकघरात ओव्हन, बर्गर, पिझ्झाचे तुकडे. वाईट काहीच नाही, पण आमची मुलं सकाळी घावणे बघतात, दुपारी बांगडा बघतात, आणि भातुकलीत मुलांना तेच करायचं असतं जे मोठी माणसं करताना दिसतात. म्हणून थोरल्या जाऊबाईंनी जुन्या मांजरपाटाचे घावणे शिवले आणि धाकट्या दीरांनी फर्निचरच्या उरल्यासुरल्या तुकड्यांतून ओटा उभा केला. मे महिन्यात मुंबईची मंडळी आली, त्यांनी पाहिलं, आणि जाताना प्रत्येकाने एकेक सांगून ठेवला. तिथून धंदा झाला.

ओट्याची उंची आम्ही २० इंच ठेवतो. तीन ते सहा वर्षांचं मूल उभं राहिलं की हात सहज शेगडीवर यायला हवेत. वाकावं लागलं तर दहा मिनिटांत खेळ सोडून देतं. ओट्यावर गॅसची शेगडी असते, आणि ज्यांना हवी त्यांना शेजारी मातीच्या रंगाची चूल. चूलच जास्त जाते, शहरात तर फारच.

सगळ्यात जास्त डोकं नारळाने खाल्लं. अख्खा, न उघडणारा नारळ करणं सोपं आहे. तो पांगाऱ्याच्या एका तुकड्यातून खरादीवर निघतो, सावंतवाडीत लाकडी फळं अशीच होत आली आहेत. पण शेजारच्या पोराने तो हातात घेतला, ओट्याच्या कडेवर दोनदा आपटला आणि म्हणाला, "काकी, नारळ फुटाक होयो." त्याचं बरोबरच होतं. नारळ फोडायचा नसेल तर मुलाने त्याचं करायचं काय? मग दोन भकलं वेगळी करायची ठरवलं, बाहेरून तपकिरी, आतून पांढरी. जोडायची कशाने? लोहचुंबक आम्ही पहिल्याच बैठकीत बाद केला. चुंबक निसटून मुलाने दोन गिळले तर ते आतड्याच्या पदरांतून एकमेकांना चिकटतात आणि आतड्याला भोक पडू शकतं. व्हेल्क्रोत महिन्याभरात केस आणि धूळ भरते. राहिली लाकडी खुंटी. पण कोकणातली हवा! वैशाखात सैल बसणारी खुंटी आषाढात फुगून अशी घट्ट होते की मोठ्या माणसाला निघत नाही. लाख लावली म्हणून लाकूड दमट हवा प्यायचं थांबत नाही. सावंतवाडीच्या चितारआळीत शिकलेले आमचे खरादी काका यांनी उपाय काढला. खुंटी शिवणाची, कारण हे लाकूड हवेनुसार त्यातल्या त्यात कमी फुगतं, आणि तिला मधोमध एक उभी चीर. खुंटी फुगली तरी चीर मिटते आणि ती दाबली जाऊन आत सरकते, आकसली तरी चिरेच्या ताणाने भिंतीला टेकून राहते. आज आमचा नारळ आपटला की फुटतो आणि दाबला की जुळतो, बारा महिने.

त्या फुटलेल्या नारळासोबत विळी मात्र नाही. पात्याचा आकार लाकडाचा असला तरी मुलाला खऱ्या विळीकडे नेतो, असं माझं ठाम मत आहे. त्याऐवजी पाटा-वरवंटा देतो.

रंगाचं सांगायलाच हवं, कारण पालक त्याबद्दल कमी विचारतात आणि विचारायला हवं. हापूसचा केशरी-पिवळा हा खेळण्यांतला सगळ्यात नाजूक रंग. चकचकीत पिवळ्या-केशरी रंगांत वर्षानुवर्षं शिशाचा क्रोमेट वापरला गेला आहे, आणि शिसं थोडंसुद्धा पोटात गेलं तर मुलाच्या मेंदूला अपाय करतं. घरगुती रंगांत शिसं ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भाग) जास्त नको, हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे, पण सुट्या पुडीवर काहीच लिहिलेलं नसतं. आम्ही सुटी पुडी घेत नाही. हळद वापरून पाहिली, ती उन्हात उडते. शेवटी प्रयोगशाळेतून तपासून आणलेली पिवडी (पिवळी माती) लाखेत घोटली, आणि देठाकडच्या लालीसाठी किंचित काव (लाल माती). फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकली की घासण्याच्या उष्णतेने ती वितळून बसते, मग केवड्याच्या पानाने घोटून चकाकी येते. काकांना हापूस आणि पायरी एकसारखे केलेले खपत नाहीत. पायरीला चोच हवी, हापूसला नको. पहिल्या खेपेतले चोच आलेले हापूस त्यांनी निमूट पायरीच्या टोपलीत टाकले.

१ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं. विकास आयुक्त (हस्तकला) यांच्याकडे नोंदलेल्या कारागिरांनी स्वतः बनवून विकलेल्या खेळण्यांना त्यातून सूट आहे, त्यामुळे आम्ही आधी सगळ्यांची कारागीर ओळखपत्रं काढली. पण सूट कागदाला असते, मुलाच्या घशाला नसते. म्हणून घशात अडकतील अशा वस्तू ओळखायची, तीन वर्षांखालच्या मुलांसाठीची खेळण्यांच्या मानकातली नळी आम्ही करून घेतली, आतला व्यास ३१.७ मिलिमीटर. जी वस्तू न दाबता तिच्यात पूर्ण मावते ती आमच्या टोपलीत जात नाही. सुटे भाताचे दाणे, लसणीच्या पाकळ्या, तिसऱ्या (शिंपल्या), सगळं त्यात अडकलं. आता भात म्हणजे पांढऱ्या कापडाची मूद आणि वरण म्हणजे तिच्यावर बसणारी पिवळी चकती. मुलं ती चकती बसवून "तूप घाल" म्हणतात, त्यांना काही कमी वाटत नाही.

मोदक मात्र आमच्या बायकांची खरी करामत. उकडीच्या मोदकाला कळ्या पाडण्यात हयात गेलेली माणसं ती. गोल कापडाला काठाने बारीक इलॅस्टिक आणि आतून ठरावीक अंतरावर एकेक टाका. मुलाने दोन्ही हातांनी ताणून उघडायचं, पिवळ्या लोकरीचं सारण भरायचं, सोडलं की कळ्या आपोआप वर जमतात. नाडी सोयीची होती, पण ती बोटाला, गळ्याला गुंडाळली जाते.

बांगड्याचं पोट उघडतं, कल्ले निघतात, आणि वरून रव्याची लालसर खोळ चढवली की तो तळून तयार. शाकाहारी घरांसाठी बांगड्याऐवजी फणसाचे गरे आणि आठळ्या घालतो, आठळी अर्थात त्या नळीपेक्षा मोठी. एका दुकानदाराने सगळ्याच संचांतून मासा काढा म्हणून अट घातली होती, ती आम्ही मानली नाही.

कुरिअर नुसत्या वजनावर नाही, आकारावरही पैसे घेतं, हे आम्हाला ओटे बाहेर जायला लागल्यावर कळलं. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बहुतेक ठिकाणी ५००० ने भागतात आणि येईल ते किलो खऱ्या वजनापेक्षा जास्त असतील तर तेच धरतात. उभा ओटा म्हणजे हवेचं भाडं. आता तो पाच फळ्यांत सुटतो आणि खाचेत खाच अडकवून घरी जोडता येतो, एकही खिळा नाही.

कापडी वस्तूंत सावरीचा कापूस भरतो. हलका असतो, पण धुतला की गोळे होतात, म्हणून प्रत्येक वस्तूची खोळ निघते. सावरीची बोंडं उन्हाळ्यात फुटतात, तेव्हा वाडीतली पोरं ती गोळा करून आणतात आणि आम्ही किलोवर पैसे देतो. पावसाच्या आत जेवढा मिळेल तेवढ्यावर वर्षभराचे मोदक आणि बांगडे ठरतात. कोणी सांगितलं की कृत्रिम भरण घाला, ऑर्डरी दुप्पट घेता येतील. तूर्त नाही घालणार. गणपतीसाठी हवे असतील तर आषाढ लागायच्या आत कळवा, त्यानंतर कापूस उरला असेल तरच आम्ही हो म्हणतो.