संथ

शुक्रवार, २६ सप्टेंबर २०२५. पाचवी माळ.

रविवारी रात्री धाकट्याने फोनवर 'कसा वाटला?' असे विचारले आणि मी 'संथ आहे' असे उत्तर दिले. आज पाच दिवस झाले, तरी तो शब्द घशाखाली उतरलेला नाही. तीस वर्षे मुलांना मराठी शिकवली, एकेका कवितेवर चार-चार तास बोलले, आणि पोटच्या मुलाने एका चित्रपटाविषयी विचारले तेव्हा मला एवढा एकच शब्द सापडावा? तो 'हो, संथ आहेच जरा' म्हणाला आणि मग बेंगळूरच्या पावसाविषयी बोलत राहिला.

'साबर बोंडं' पाहायला मी काही मुद्दाम पुण्याला गेले नव्हते. वन्संची नात पाहायला गेले होते आणि शनिवारी भाच्याने सगळ्यांचीच तिकिटे काढली. बाहेर पडताना प्रत्येकाने आपापले मत दिले. 'पक्षपंधरवड्यात कुठे हा सुतकाचा सिनेमा दाखवायला आणलेस', हे वन्संचे. जानेवारीत अमेरिकेतल्या संडान्स महोत्सवात त्याला जागतिक विभागाचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले, म्हणजे त्यात काहीतरी असणारच, हे भाच्याचे. पार्श्वसंगीत न वापरण्याचे धाडस वन्संच्या यजमानांना आवडले. वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी मुंबईहून गावी आलेला आनंद आणि शेतीत राबणारा त्याचा बालमित्र बाळ्या, या दोघांच्या प्रेमाविषयी मात्र गाडीत बसेपर्यंत कुणी चकार शब्द काढला नाही. मीही नाही. मी खिडकीबाहेर बघत होते, कारण मला रडून झालेले होते आणि ते कुणाला दिसू नये एवढीच माझी त्या वेळची चिंता होती.

मंगळवारी भिशी माझ्याकडे होती. तिथे हाच विषय निघाला, आणि चित्रपट तर कुणीच पाहिलेला नव्हता. पण मत द्यायला ट्रेलर पुरतो. 'शहरात असेल, आपल्याकडे खेड्यापाड्यात असले काही नसते', असे एकीने सांगितले. दुसरी म्हणाली, 'आईला सगळे ठाऊक आहे आणि ती त्याच्या पाठीशी आहे, हे काही पटत नाही. अशी आई असते का कुठे?' मी पोह्यांवर खोबरे घालत होते, ते घालतच राहिले. शेवटच्या बशीत पोहे कमी आणि खोबरे जास्त झाले. तिला माझ्या घरातले ठाऊक आहे की नाही, हे मला आजतागायत उमगलेले नाही.

याच बायका २०२२ साली याच विषयावरचा 'बधाई दो' पाहून पोट धरून हसल्या होत्या. तो हिंदी होता, विनोदी होता आणि त्यातली माणसे आपल्यासारखे बोलत नव्हती. इथे आई आपल्यासारखी जमिनीवर बसते, नातेवाईक आपल्यासारखेच 'लग्नाचे काय' म्हणून मागे लागतात, आणि सगळे मराठीत. परक्या भाषेतले सोसवते. हे मी बायकांना ऐकवण्यासारखे होते. मी चहा टाकायला उठले.

पण मला बायकांवर रागवायचा काय अधिकार? २०१६ मध्ये 'अलीगढ' आला, तेव्हा आमच्या शिक्षक खोलीत त्यावर बरीच चर्चा झाली होती, कारण ज्यांच्यावर तो बेतला होता ते, पुरुषाशी संबंध म्हणून निलंबित झालेले प्राध्यापक सिरस मराठी शिकवणारे, मराठीत कविता लिहिणारे. 'एवढा विद्वान माणूस, त्याने आपले खासगी आयुष्य खासगी ठेवायचे होते', असे एक सर म्हणाले आणि मी मान डोलावली. सिरसांच्या घरात शिरून चित्रण केले होते ते दुसऱ्यांनी. त्यांनी दार उघडे ठेवले नव्हते. एवढी साधी गोष्ट मला सुचली नाही. उलट घरी येऊन ते मत मी जेवताना जसेच्या तसे सांगितले. धाकटा तेव्हा बारावीला होता. त्याने ताक मागितले होते, एवढे मला आठवते. पुढची पाच वर्षे त्याने काही सांगितले नाही, यात नवल ते काय.

हे गेल्यापासून अशा गोष्टी मला एकटीलाच... असो.

आज सकाळी दारात जोगप्पा आला, यल्लम्मा देवीला वाहिलेला. हिरवे लुगडे, कपाळभर भंडारा, हातात परडी. शेजारच्या काकूंनी सुपातून जोंधळे घातले आणि वाकून नमस्कार केला. खेड्यापाड्यात असले काही नसते म्हणणाऱ्या त्या याच. यल्लम्माची सौंदत्ती इथून काही फार लांब नाही. जोगत्यांवरचा 'जोगवा' चित्रपट २००९ मध्ये आला, तेव्हा त्या पदराने डोळे पुसत बाहेर आल्या होत्या आणि त्यातले 'जीव रंगला' त्यांच्या मुलीच्या लग्नात वाजले. जोगप्पांची गोष्ट वेगळी आणि धाकट्याची वेगळी, हे मला कळते. तरी वाटले, देवीने हाक मारली तर आम्ही पाया पडतो, आणि कुणी आपणहून सांगितले तर आम्हाला चित्रपट संथ वाटतो. हे सुचल्यावर मला माझेच हसू आले. काकू विचारत होत्या, काय झाले. मी म्हणाले, काही नाही, एका सिनेमाची आठवण झाली.

साबर बोंडं, म्हणजे निवडुंगाची फळे, आमच्या अथणीकडे बांधाबांधावर असत, कानडीत पापसकळ्ळी. धाकटा सहा वर्षांचा असताना मामाच्या शेतावर त्याने ती सोलल्यावाचूनच खाल्ली. तळहाताची कुसे मी कणकेचा ओला गोळा फिरवून काढली. ओठातली आणि जिभेवरची तशीच राहिली होती, कारण ती आहेत हे त्याने दिवसभर सांगितलेच नाही. रात्री अंथरुणावर पडल्यावर म्हणाला, 'आई, इथे पण आहेत.' मी त्याचे डोके मांडीवर घेऊन, बॅटरी दातांत धरून, चिमट्याने एकेक कूस काढत बसले होते. फार संथ काम होते ते.

राणी चन्नम्मा एक्सप्रेसने तो बुधवारी सकाळी येतो आहे, दसऱ्याला. दोघे येणार का, हे मी विचारलेले नाही. गोकाकच्या करदंट मिठाईचे दोन डबे आणून ठेवले आहेत आणि जोंधळे नेहमीपेक्षा दीडपट दळून आणले. गिरणीवाल्याने 'पाहुणे आहेत का, बाई?' असे विचारले. 'आहेत', असे मी म्हणाले. पीठ मात्र त्याने जाडच काढले आहे. उद्या पुन्हा चाळावे लागेल.