आज कुठली बाजू?

सकाळी साडेसातच्या सुमारास आमच्या गल्लीत कुणीतरी कुणालातरी गॅलरीतून ओरडून विचारतंच, "आज कुठली बाजू?" नवीन माणसाला वाटेल कुणाचं तरी दुखणं विचारतायत, पण प्रश्न पार्किंगचा असतो. पी-वन आणि पी-टू. पुणेकरांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते, विषम तारखेला गल्लीच्या एका बाजूला गाड्या लावायच्या आणि सम तारखेला समोरच्या. तिसरीतल्या पोरालाही कळेल इतकं सोपं. फक्त तारीख नक्की कधी बदलते ते पाटीवर लिहिलेलं नाहीये. रात्री बाराला बदलते हे मान्य, पण बाराला गाऊनवर खाली येऊन गाडी इकडची तिकडे कोण करणार? त्यामुळे आमच्याकडे तारीख तिथीसारखी पाळतात, सूर्योदयाला जी असेल ती. टोइंगवालेही दहाच्या आत फिरकत नाहीत, त्यामुळे ही उदयतिथी त्यांनाही मान्य असावी.

एकतीस तारखेची तर गंमतच आहे. ३१ विषम, दुसऱ्या दिवशीची १ पण विषम, म्हणजे गाडी हलवायचीच नाही. वर्षातून ७ वेळा असं होतं, लीप वर्षात २९ फेब्रुवारीमुळे आठव्यांदा. हा आराम मिळतो म्हणून सगळे खूश असायला हवेत ना, पण नेमकं त्याच दिवशी अर्धी गल्ली सवयीने गाड्या उचलून समोर नेते आणि उरलेली अर्धी जागच्या जागी राहते आणि मग दोन्ही बाजूंना गाड्या आणि मध्ये दुधाचा टेम्पो अडकलेला, आणि खाली उभं राहून "अहो पण आज एक ना" वर चर्चा.

आम्ही सहकारनगरात राहतो. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, नदीकाठच्या पेठा वाहून गेल्या आणि त्या पूरग्रस्तांसाठी ज्या १०३ सोसायट्या झाल्या त्यातल्या काही आमच्या भागात आहेत. सासूबाई लग्न होऊन इथे आल्या तेव्हा गल्लीत एकही चारचाकी नव्हती. सायकली होत्या, आणि एका काकांकडे लँब्रेटा होती जी सुरू झाली की सगळ्यांना कळायचं. रस्ते तेव्हाच्या हिशोबाने आखलेले, सायकलवाला आणि भाजीची हातगाडी एकमेकांना ओलांडू शकले की झालं. आमचे सासरे १९९१ साली मारुती ८०० घेऊन आले तेव्हा लोक बघायला आले होते म्हणे. ती गाडी होती १.४४ मीटर रुंद. आता बंगल्यांच्या जागी पाच-पाच मजले झालेत, खाली पार्किंग आहे पण त्यात कुणाचं जुनं कपाट, कुणाचा मोडका दिवाण, कुणाची पोरीच्या लहानपणीची सायकल, आणि ती वरखाली होणारी दुमजली पार्किंगची यंत्रं, ज्यात वरची गाडी काढायला खालच्याला उठवावं लागतं म्हणून दोघंही गाडी रस्त्यावरच लावतात. २०१८ मध्ये पुण्यात माणसांपेक्षा गाड्या जास्त झाल्या अशी बातमी आली होती. आमच्या गल्लीला ते आधीच माहीत होतं.

त्यात टेकडीचे लोक. तळजाईवर चालायला येणारी मंडळी पहाटे साडेपाचला गाडीने येतात, आमच्या दारात गाडी लावतात आणि मग आरोग्यासाठी चालतात. मला यावर काहीही बोलायचं नाहीये. मीसुद्धा जिमला स्कूटरने जाते.

पाट्या लागायच्या आधी दोन्ही बाजूंना गाड्या असायच्या. नवऱ्याने एकदा टेप घेऊन माप काढलं, रविवार होता आणि त्याला काही उद्योग नव्हता. भिंतीपासून भिंतीपर्यंत गल्ली ६ मीटर. एक मध्यम गाडी पावणेदोन मीटर, भिंतीपासून एक फूट सोडून लावली तर दोन मीटर आणि वर थोडं. दोन्हीकडे लावल्या तर मध्ये उरतात १.९० मीटर. स्कॉर्पिओ-एन आरसे सोडून १.९२ आहे. अग्निशमनचा बंब तर साधारण अडीच मीटर, म्हणजे आग लागली तर ती आपली आपणच विझवायची. हे गणित त्याने कागदावर काढून सोसायटीच्या मीटिंगमध्ये फिरवलं, मग अर्ज, मग चौकी, मग परत अर्ज, कुणाकुणाच्या ओळखी, आणि शेवटी दीडेक वर्षाने एका सकाळी दोन खांबांवर दोन निळ्या पाट्या. आम्ही पेढे वाटले नाहीत एवढंच.

पहिले पंधरा दिवस काय सुंदर गेले म्हणून सांगू. गल्ली एकदम रुंद दिसायला लागली. समोरच्या काकूंच्या कंपाउंडची फरशी मी पहिल्यांदा पाहिली, त्याआधी तिथे कायम कुणाचं तरी डिकीचं झाकण असायचं.

आणि मग गाड्या पळायला लागल्या.

म्हणजे आमच्याच गल्लीतली पोरं, जी आधी फर्स्ट गिअरमध्ये आरसे मिटून जीव मुठीत धरून जायची, ती थर्डमध्ये जायला लागली. डिलिव्हरीवाले तर विचारू नका, त्यांच्यामागे तो मोबाईल मिनिटं मोजत असतो, त्यांना तरी काय बोलणार. आणि सातारा रोडला जॅम लागला की मोबाईलमधल्या त्या बाईला आमच्या गल्लीचा शोध लागला. "दोनशे मीटरवर डावीकडे वळा", की वळली वरात. यात कुणाचा किती वेळ वाचतो तेही काढलं (नवऱ्याने, अजून कोण). गल्ली दोनशेच मीटर. ताशी वीसने गेलात तर ३६ सेकंद लागतात, चाळीसने गेलात तर १८. म्हणजे सगळा मिळून फायदा अठरा सेकंदांचा, तेवढ्यात माझी फोडणीसुद्धा होत नाही. आणि तोट्याचं म्हणाल तर चाळीसवर असताना काहीतरी दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंतच्या एका सेकंदात गाडी अकरा मीटर गेलेली असते, ब्रेक लागायला सुरुवात त्यानंतर. आणि वीसचे चाळीस झाले की ब्रेक दाबल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर दुप्पट नाही होत, चौपट होतं.

समोरच्या काकू एक दिवस भाजी घेताना म्हणाल्या, "आधीच बरं होतं बाई. गाड्या होत्या तर पोरं हळू जायची." मला रागच आला. दीड वर्ष आम्ही खेटे घातले आणि ह्या म्हणतात आधीच बरं होतं! पण रात्री भांडी लावताना पटलं. आपण ज्या गाड्यांना शिव्या घालत होतो त्याच स्पीडब्रेकरचं काम करत होत्या, फुकटात. माझा भाचा नेदरलँड्समध्ये असतो, त्याला फोनवर सांगितलं तर तो हसायलाच लागला. म्हणाला, मावशी, इथे घरांच्या गल्ल्यांमध्ये मुद्दाम झाडं लावतात, मध्येच बाक, मध्येच फुलांचा वाफा, पार्किंग एकदा डावीकडे एकदा उजवीकडे, म्हणजे गाडीवाल्याला सरळ पळताच येऊ नये. वोनेर्फ म्हणतात त्याला, सत्तरच्या दशकातच त्यांनी त्याचा कायदा केला, निळ्या पाटीवर घर आणि चेंडू खेळणारं पोर काढलेलं असतं आणि तिथे गाडीने माणसाच्या चालीने जायचं. मी म्हटलं अरे हे सगळं आमच्याकडे होतंच की, इस्त्रीवाल्याची टपरी, भाजीची गाडी, मधोमध झोपलेली तीन कुत्री आणि भाद्रपदात मांडव. आम्ही अर्ज करून ते सरळ करून घेतलं.

मग एका रात्रीत स्पीडब्रेकर उगवला. कुणी केला विचारू नका, सगळ्यांना माहीत आहे आणि कुणीच बोलत नाही. एका बिल्डिंगचं ड्रेनेजचं काम चालू होतं, काँक्रीट उरलं होतं, बास. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापात बसणारा गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो, गोलसर, म्हणजे गाडी पंचवीसच्या वेगाने त्यावरून लाट आल्यासारखी जाते. आमचा हातभर रुंद आणि वीतभर उंच. गाडीचं पोट घासल्याचा जो आवाज येतो ना तो चौथ्या मजल्यापर्यंत येतो आणि आपली नसली तरी आपल्याच पोटात कळ येते. वर पांढरे पट्टे नाहीत, पुढे पाटी नाही, त्यातून दिव्याचा खांब नेमका तिथे आंब्याच्या फांदीत बुडालेला. माहितीतले लोक कडेच्या गटारापाशी जी टीचभर जागा सोडली आहे तिथून टू-व्हीलर सुळकन काढतात, म्हणजे ज्यांना हळू करायचं होतं ते आता भिंतीला लागून, जिथे माणसं चालतात तिथून जातात. आदळतो फक्त नवखा. खालच्या मजल्यावरच्या आजोबांना रिक्षातून फिजिओथेरपीला नेतात, ते ब्रेकर यायच्या आधी दोन्ही हात सीटवर टेकवून अंग उचलून धरतात, कमरेच्या दुखण्यासाठी निघालेला माणूस. शेवटी त्यांच्या मुलाने तक्रार केली आणि तो ब्रेकर अर्धा फोडला गेला, अर्धा आहे. अर्धाच का ते कळलेलं नाही.

आता कोपऱ्याबद्दल, आणि हे लिहायला जरा जड जातंय. गल्ली जिथे मोठ्या रस्त्याला मिळते तिथे, अगदी वळणावर, एक हक्काची जागा होती, पी-वन पी-टू दोन्हीच्या तावडीतून सुटलेली, कारण पाटी तिथून चार पावलं पुढे सुरू होते. सावली, वर झाड नाही म्हणजे पक्ष्यांची घाण नाही, काढायला सोपी. ती जागा अकरा वर्षं माझी होती. माझी म्हणजे माझ्या वॅगन आरची. वळणावर गाडी लावू नये हे लायसन्स काढताना वाचलं होतं, पाठही केलं होतं, आणि तरी रोज संध्याकाळी ती जागा रिकामी दिसली की मला लॉटरी लागल्यासारखं व्हायचं. वॅगन आर उंच आहे, सव्वापाच-साडेपाच फूट. सासूबाई चार फूट दहा इंच.

त्या रोज साडेपाचला देवळात जातात, काठी घेऊन. एक दिवस मी ऑफिसमधून रिक्षाने आले, रिक्षा त्या कोपऱ्यावर वळली आणि माझ्याच गाडीच्या बोनेटमागून आधी एक काठी बाहेर आली, मग हिरव्या पातळाचा काठ, मग आई. रिक्षावाल्याने करकचून ब्रेक मारला. तो हळू होता म्हणून. आई त्याला काही बोलल्या नाहीत, गाडीच्या बोनेटवर हात टेकून उभ्या राहिल्या श्वास घेत. मग मला बघून म्हणाल्या, "अगं, काही दिसतच नाही इथून. कुणी लावलीय कोण जाणे." त्यांना नंबर वाचता येतो, गाडीही ओळखू येते. मी मान खाली घालून पैसे देत राहिले.

त्या दिवसापासून मी तिथे लावत नाही. पण जागा काय रिकामी राहते होय, दुसऱ्या दिवशी तिथे माझ्या गाडीपेक्षा मोठी एसयूव्ही. मग मी शाळेच्या मैदानावर मारतात ती फक्की आणून कोपऱ्यापासून पाच मीटर पट्टे मारले, अधिकार काहीच नाही, पण रांगोळी ओलांडायला जसा पाय कचरतो तसा टायर कचरेल अशी आशा. दोन दिवस कचरले. मग पाऊस आला. कुंड्या ठेवून पाहिल्या तर कुंड्या गेल्या, तुळस तेवढी काढून ठेवली होती कुणीतरी. काकूंची बोगनवेल कंबरेपर्यंत छाटून घेतली, त्या आठ दिवस बोलत नव्हत्या, पण त्याने सगळ्यात जास्त फरक पडला हे त्यांनीच नंतर कबूल केलं.

शेवटी वर्गणी काढून तो फुगीर गोल आरसा बसवला, घाटात असतो तसला. त्यात अख्खी गल्ली दिसते पण सगळं लांब आणि लहान दिसतं, त्यामुळे आरशात बस मुंगीएवढी बघून निघालात तर ती शेजारी उभी असते. पोरं त्यात केस नीट करतात. आणि मार्चमध्ये एक बुलबुल आला. स्वतःच्या प्रतिबिंबाला दुसरा बुलबुल समजून दिवसभर चोची मारायचा, चोच फुटेल असं वाटायला लागलं. स्कूटरच्या आरशांना आम्ही जुने मोजे घालतो त्यासाठी, पण एवढ्या मोठ्या आरशाला मोजा कुठला, म्हणून इस्त्रीवाल्याने स्टूलवर चढून त्याला कापडाच्या दुकानाची मोठी पिशवी बांधली. फक्त पिल्लं उडेपर्यंत असं ठरलं होतं. आता ऑगस्ट चालू आहे, पिशवी आहे.

आई अजूनही साडेपाचला निघतात. कोपऱ्यावर आल्या की थांबतात, काठी दोनदा फरशीवर आपटतात, "येतेय रे" म्हणतात, पलीकडे कुणी असो नसो, आणि मग वळतात.