साडेसहाची पालकसभा

"मॅडम, जरा लवकर आटपा ना, सिंहगड रोडला ट्रॅफिक लागतं," माझ्या पुढचे बाबा म्हणाले. मॅडम काही बोलल्या नाहीत.

शाळा सकाळी सातची आणि पालकसभा संध्याकाळी साडेसहाला, का तर आपल्याला ऑफिसातून सुटून यायला जमावं. टेबलावर तपासायच्या वह्यांचा गठ्ठा, त्यावर पालथा ठेवलेला फोन सारखा थरथरत होता, शेवटी त्यांनी उचलून हळूच "कुकर लाव, तीन शिट्ट्या कर, येतेच मी" एवढंच सांगितलं आणि परत माझ्या पोराच्या अपूर्णांकांवर आल्या.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात शिक्षकांचे आठवड्याला किमान ४५ तास धरलेत, तयारीचा वेळ धरून. पालकांना नियमित भेटणं हेही त्याच कायद्यात त्यांचं काम, म्हणजे सभाच नको असं कोणी म्हणत नाहीये. पण मग दुसऱ्या दिवशी दोन तास उशिरा या म्हणायला शाळेचं काय जातं? हिंजवडीत कॉम्प-ऑफसाठी, म्हणजे जादा कामाच्या बदली सुट्टीसाठी, भांडणारे आपण, आणि रात्री अकराला ग्रुपवर "उद्या चित्रकलेची वही आणायची का?" विचारणारेही आपणच.

शनिवारी सकाळी सभा घेणारी शाळा आहे का कोणाच्या माहितीत?